दोन गाणी, मग परत जागेवर

डास मारत बसू नका, संपायचे नाहीत. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि उजेड आपल्याकडच्या सहाचा. समोर तळं, मागे बर्चचं रान, मध्ये छपराखाली नाचायची लाकडी जागा. फिनलंडमध्ये हिला 'लावा' म्हणतात. १९६२ चा उन्हाळा.

तुम्ही बाई असा की पुरुष, आज उभं राहायचं पुरुषांच्या रांगेत. सगळी गंमत तिथं आहे. शेजारचा थेट साउनातून आलाय. साबणाचा वास, केसांना चोपडलेलं ब्रिलियंटाइन. पलीकडच्याचा वास वेगळा. आत दारूला मनाई, त्यामुळे बाटली झुडपात आहे आणि हा सारखा 'जरा हवा खाऊन' येतो. समोर बायकांची रांग, फुलाफुलांचे फ्रॉक. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात समोर एकच मुलगी असते. इथं पन्नास आहेत, आणि पोहेही नाहीत.

इथं नाचायचा तो टँगो, मूळचा ब्युनोस आयर्सचा. तिकडे असता तर जागचं हलायचंही काम नव्हतं. लांबच्या टेबलावरच्या बाईकडे बघायचं, नजर मिळाली की हलकेच मान हलवायची, तिनंही हलवली तर उठायचं. तिनं तोंड फिरवलं, तर आपण पंखा बघत होतो असं दाखवायचं. चारचौघांत शोभा नाही.

इथं नजरेनं काम होणार कसं? सगळे बुटांकडे बघतायत.

अकॉर्डियननं उसासा टाकला आणि रांग फुटली. फळ्यांवर बुटांची धडधड, पाठीत कुणाचा तरी कोपर, तुम्हीही लोंढ्यात. निळ्या फ्रॉकपासून चार पावलांवर असताना दुसराच तिच्यापुढे वाकला. आता मागे फिरू नका, रांगभर दिसेल. शेजारच्या पिवळ्या फ्रॉकपुढे वाका. "सान्को लुवान?" म्हणजे, परवानगी आहे?

ती येते. यावंच लागतं. नाही म्हणणं उद्धटपणाचं, आणि म्हणालीच तर त्या गाण्याला दुसऱ्याबरोबर उतरायचं नाही. पुरुषाची लाज राखायची ब्युनोस आयर्सची सोय मला जास्त आवडते; इथं त्या लाजेची किंमत बाईच्या टाचा मोजतात.

पण आता नाचा. पायांच्या कसरती नकोत, लांब, सरळ पावलं टाका. तळहात घामेजलाय, तुमचा की तिचा कळत नाही. बोलायचं नाही. गाणं संपलं तरी तिला सोडायचं नाही, दुसरं व्हायचंय. तोवर दोघंही तळ्याकडे बघत उभे. दोन झाली की तिला तिच्या जागेपर्यंत पोचवायचं आणि म्हणायचं, "कीतोस." आभार. ब्युनोस आयर्समध्ये गाण्यांच्या मध्येच "ग्रासियास" म्हणालात तर त्याचा अर्थ 'पुरे झालं'. इथं शेवटी आभार न मानणारा अडाणी.

बाहेरून भाजलेल्या सॉसेजचा धूर येतो. तेवढ्यात मंचावरून पुकारा होतो, "नाइस्तेनहाकू!" आता बोलवायची पाळी बायकांची.

पुरुषांची रांग ताठ होते. झुडपातून आलेला घाईघाईनं कोटाचं बटण लावतो. फळ्यांवर पुन्हा पावलं वाजतात, या वेळी हलकी. तुम्ही बुटांकडे बघता. शेजारचा गेला. पलीकडचाही गेला.

तुमच्या बुटांसमोर दोन पांढऱ्या सँडल येऊन थांबतात. वर निळ्या फ्रॉकची कड.