बंद फाटकाचा फायदा कोणाला?

३१ मार्च २०२५ रोजी बीडच्या जिल्हा कारागृहात नेमके काय घडले? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खूनखटल्यातला आरोपी वाल्मिक कराड याला आत मारहाण झाली, असे आमदार सुरेश धस यांनी जाहीर केले. कारागृह प्रशासनाने ते नाकारले. भांडण दुसऱ्याच कैद्यांचे होते, असा खुलासा आला. त्यानंतर काही कैद्यांना हर्सूल कारागृहात हलवण्यात आले. त्या वेळी त्यांच्यातला एक जण पोलिसांच्या गाडीतून पत्रकारांना ओरडून तिसरीच हकिगत सांगून गेला: मार आम्हालाच पडला, सीसीटीव्ही तपासा. ज्याला जी हकिगत सोयीची वाटली ती त्याने उचलली. खरे काय ते आत जाऊन विचारण्याची सोय एकाही वार्ताहराला नव्हती.

अशा प्रकरणांनंतर एक मत हमखास बळावते. बीडमध्येही ते बळावले, आणि ते चांगल्या माणसांचे मत आहे. कैद्याला कसले आले बोलण्याचे स्वातंत्र्य? ज्याच्यावर माणूस हाल करून मारल्याचा आरोप आहे त्याच्या तोंडासमोर माइक कशाला धरायचा? कॅमेरा आत गेला की गुंडाचा नायक होतो, साक्षीदारांना धाक बसतो, मेलेल्याच्या घरच्यांच्या जखमेवर मीठ चोळले जाते. तेव्हा फाटक घट्ट लावून घ्यावे, हेच न्यायाचे.

या मताच्या बाजूला दाखले आहेत, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. मार्च २०२३ मध्ये लॉरेन्स बिश्नोईच्या मुलाखती वृत्तवाहिनीवर झळकल्या, तेव्हा तो कोठडीत होता. त्याआधी २०१५ मध्ये ‘इंडियाज डॉटर’ या माहितीपटात दिल्लीतील बलात्कार-खून प्रकरणातला एक दोषी तिहारमधून बोलला आणि देश हादरला. त्याचे अपील तेव्हा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होते, त्यामुळे प्रसारणाला घेतलेला आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. (त्याच्यासारखेच विचार त्याच माहितीपटात त्याच्या बाजूच्या वकिलांनीही मांडले होते. ते कधी गजाआड नव्हते, पण ही गोष्ट फारशी कोणी आठवत नाही.)

आता बिश्नोईचाच दाखला उलटून पाहू. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि विशेष पथकाकडून चौकशी करवली. त्यातून निघाले असे की एक मुलाखत पंजाबात खरडच्या पोलीस ठाण्याच्या आवारातच झाली होती आणि दुसरी राजस्थानातल्या कारागृहातून. पंजाब सरकारला पोलीस अधिकारी निलंबित करावे लागले. कोणा पत्रकाराने रीतसर अर्ज केला, अधीक्षकाने नियमाने परवानगी दिली आणि मग हे घडले, असे मुळीच नाही. फाटक बंदच होते; बिश्नोईसाठी मागचे दार उघडे होते. ज्याच्याकडे पैसा, माणसे आणि वरपर्यंत ओळख आहे, त्याचे बोलणे नियमाने कधी अडत नाही. त्याचा मोबाइल आत पोचतो, निरोप बाहेर जातात, त्याच्या तब्येतीची बातमी संध्याकाळच्या आत फुटते. बंदीने अडतो तो, ज्याच्याकडे मागचे दार नाही.

बीडमध्ये असा माणूस कोण, हे शोधायला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकातल्या फडांवरून परततात उन्हाळ्याच्या तोंडाला. अशा घरातला एखादा पोरगा चोरीच्या वहिमावर आत गेला, तर ते पाच-सहा महिने त्याच्या ‘मुलाखती’ला येणार कोण? मुकादमाची उचल अंगावर असताना फड सोडून येता येत नाही. वकील सरकारने दिलेला. तारखेला भेटला तर भेटला. देशातल्या कैद्यांत सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. ‘कैद्याला कसले स्वातंत्र्य’ असे आपण संतापाने विचारतो तेव्हा डोळ्यांपुढे वाल्मिक कराड असतो. नियम मात्र या पोरावर लागू होतो.

‘कैद्याला हक्क नसतात, मिळाल्या तर सवलती मिळतात’ हे या मताचे कायदेशीर मूळ. ते साठ वर्षांपूर्वीच उखडले गेले आहे, आणि तेही एका मराठी पुस्तकापायी. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक लिहिले. विषय निखळ विज्ञानाचा. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. राज्य सरकारने ती फेटाळली. अणूच्या पोटात डोकावल्याने राज्याच्या सुरक्षेला काय धोका पोचणार होता, हे सरकारला कोर्टातही सांगता आले नाही. सरकारचे म्हणणे वेगळेच होते: स्थानबद्धाला आम्ही आदेशात लिहून दिल्या तेवढ्याच सवलती, पुस्तक छापण्याची सवलत त्यात लिहिलेली नाही, म्हणून ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही. सरकार अपिलात गेले, आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ते नाकारले. स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे सरकारने दिलेल्या सवलतींची यादी नव्हे. स्वातंत्र्यावर किती मर्यादा घालता येईल, त्याची ती सीमा आहे. सीमेत जे येत नाही ते त्या माणसाकडेच राहते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण संझगिरी खटल्याचा दाखला पुष्कळदा सैलपणे दिला जातो. हा निकाल भाषणस्वातंत्र्याच्या कलम १९ वर उभा नाही. चीन युद्धाच्या वेळी पुकारलेली आणीबाणी उठलेली नव्हती. त्या कलमाचा आसरा मिळण्यासारखा नव्हता. निकाल उभा आहे व्यक्तिस्वातंत्र्यावर. माझ्या मते त्यामुळे तो दुबळा होत नाही, उलट भक्कम होतो. निकाल लागला त्याच दिवशी भारतीय सैन्य लाहोर आघाडीवर सीमा ओलांडत होते. अशा दिवशीही एका स्थानबद्धाच्या हस्तलिखितावर सरकारची मर्जी चालणार नाही असे न्यायालयाला म्हणता आले, तर शांततेच्या काळात सुरक्षेचे नाव काढताच गप्प बसण्याचे आपल्याला कारण काय?

पत्रकारांच्या प्रवेशाचा प्रश्नही महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. शीला बरसे या पत्रकार स्त्रीकैद्यांच्या मुलाखती घेत होत्या. त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर कुरबुर झाली आणि दिलेली परवानगी काढून घेण्यात आली. १९८७ च्या निकालात न्यायालयाने जे सांगितले, ते दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींनी नीट वाचावे. कारागृहात शिरून माहिती गोळा करण्याचा हक्क कोणा नागरिकाला नाही, हे त्यात स्पष्ट आहे. पण आतल्या माणसाचा जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कागदावर राहू नये, यासाठी बाहेरच्यांना माहिती मिळणे आणि कैद्यांशी बोलता येणे आवश्यक आहे, हेही तितकेच स्पष्ट आहे. पत्रकाराचा प्रवेश हा पत्रकाराचा मान नव्हे. कैद्याच्या हक्काचे ते साधन आहे. म्हणून कैद्याची राजीखुशी हवी, जबरदस्तीची मुलाखत नको, ध्वनिमुद्रणाला वेगळी परवानगी हवी.

तमिळनाडूतले ‘ऑटो शंकर’चे प्रकरण याच्याही पुढे जाते. फाशीची शिक्षा झालेल्या त्या कैद्याचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ साप्ताहिकात येणार होते. ते छापू नये म्हणून कारागृहाच्या अधिकाऱ्यांनी दबाव आणला. गुन्हेगाराचे उदात्तीकरण टाळावे, इतका त्यांचा हेतू साधा असता तर ठीक. पण त्या लिखाणात अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांच्या कहाण्या होत्या. १९९४ मध्ये न्यायालयाने ठरवले की छापण्याआधीच गळा दाबण्याचा अधिकार सरकारला नाही. बदनामी झाली तर नंतर दाद मागावी. बीडच्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसावे. गुंड आणि सत्ता यांची गाठ कुठे बसली आहे, हे गुंडाइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्याने बोलू नये असे वाटणारे सगळेच मृताच्या बाजूचे नसतात.

मृताच्या घरच्यांचे काय, हा मात्र खरा आक्षेप. त्याला उत्तर इंग्लंडमधल्या एका खटल्यातून देतो. आपण निर्दोष आहोत असे सांगणाऱ्या दोन जन्मठेपेच्या कैद्यांना पत्रकारांशी बोलायचे होते. तुरुंगखाते म्हणाले, पत्रकार मुलाखत छापणार नाही असे लिहून देत असेल तरच. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ही सरसकट अट बेकायदा ठरवली. त्या दोघांपैकी सिम्सचा गुन्हा कायम राहिला; ज्या मुलीच्या खुनासाठी तो आत होता तिचे प्रेत कुठे आहे, हे त्याने कधी सांगितले नाही. दुसऱ्याची, ओब्रायनची, शिक्षा त्याच वर्षाच्या अखेरीस रद्द झाली. तो अकरा वर्षे निष्कारण आत होता. कोण सिम्स आणि कोण ओब्रायन, हे फाटकाबाहेरून कसे ठरवणार? आपल्याकडेही २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातींतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांत त्यांचे म्हणणे ऐकायला किती वार्ताहर गेले असतील, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

देशमुख कुटुंबाच्या बाजूनेही हाच विचार करून पाहावा. आरोपींना आत खास वागणूक मिळते का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना आज कुठून मिळते? कुजबुजीतून आणि पुढाऱ्यांच्या पत्रकार परिषदांतून. म्हणजे फाटक बंद ठेवा म्हणणाऱ्यांनाच आतली खरी बातमी सर्वांत जास्त हवी आहे. साक्षीदाराला धमकावणारे बोलणे रोखा, चालू खटल्याच्या पुराव्यावर बोलू देऊ नका, पीडितेची ओळख उघड होऊ देऊ नका; या मर्यादांना कोणाचा विरोध नाही. मर्यादा घालण्यासाठी आधी दार असावे लागते.

‘इंडियाज डॉटर’नंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना ज्या सूचना पाठवल्या, त्यांचा सूर याच्या उलट होता: प्रवेश सहसा नकोच; दिलाच तर एक लाख रुपये अनामत, आणि चित्रीकरणाची साधने तपासणीसाठी अधीक्षकाच्या ताब्यात. दिल्लीच्या वाहिनीला लाखाचे काय? बीडमधून निघणाऱ्या स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराला मात्र तो मार्ग तिथेच बंद होतो, आणि ऊसतोड्याच्या पोराची भाषा, गाव, मुकादम हे सगळे कळणारा वार्ताहर तोच.

हा स्थानिक वार्ताहर कुठल्या तरी गटाचा असणार, मग तो खरे कशावरून लिहील, अशी शेवटची शंका उरते. बीडपुरती ती रास्त आहे, आणि १९८७ च्या निकालात तिची तजवीज आहे: मुलाखतीत मिळालेली माहिती छापण्याआधी सर्वसाधारणपणे कारागृह अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावी. मार्चमधल्या त्या तीन हकिगतींपैकी एकीचीही अशी पडताळणी करायला कोणाला आत जाता आले नाही.