उडत्या धिऱ्याची कुळकथा

फ्रान्समधील मध्ययुगीन कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे पीठ असलेले मुख्य चर्च, बाहेरून पाहिले असता उंच भिंतींना टेकलेल्या ज्या दगडी अर्धकमानी दिसतात त्यांना उडता धिरा म्हणतात. त्या शोभेच्या वाटल्या तरी त्यांचे मूळ छपरात आहे. लाकडी छपरे वारंवार जळत, म्हणून अकराव्या शतकापासून मोठ्या चर्चवर दगडी कमानदार छत घालण्याकडे कल वाढला. परंतु असे छत केवळ खाली भार देत नाही, तर त्याचे पाचरीसारखे घडवलेले दगड भिंतींना बाहेरही रेटतात, आणि तो रेटा पेलण्यासाठी भिंती जाड व खिडक्या लहान ठेवणे भाग पडे.

इंग्लंडमधील डरहॅम येथे १०९३ मध्ये सुरू झालेल्या कॅथीड्रलमध्ये छताला एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या फासळ्या, म्हणजे दगडी पट्ट्यांच्या कमानी, दिलेल्या आहेत. अशा छताचा रेटा सबंध भिंतीवर न पसरता खांबांच्या माथ्याशी एकवटतो, आणि नेमक्या त्याच जागी, बाजूच्या सज्जांच्या छपराखाली, तेथे अर्धकमानी बसवलेल्या आहेत. उडत्या धिऱ्याचे पूर्वज याच झाकलेल्या कमानी होत. अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा बाहेर कमी रेटणारी टोकदार कमान इस्लामी वास्तुकलेत आधीच रुळलेली होती. पॅरिसजवळील सां-दनी येथील चर्चच्या, मठाधिपती स्यूजे यांनी ११४४ मध्ये पूर्ण केलेल्या पूर्वभागात ती आणि फासळ्या एकत्र आल्या, तेव्हा भिंतीची जागा रंगीत काचांना मिळाली.

झाकलेला धिरा छपरावर उघडा आणण्याचे धाडस बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले, आणि या साऱ्या इतिहासातील खरी झेप तीच होय. ११९४ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या शार्त्र येथील कॅथीड्रलमध्ये खालच्या दोन अर्धकमानी चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या आखूड खांबांनी जोडलेल्या दिसतात. पुढे धिऱ्याच्या बाहेरील खांबावर जड दगडी शिखरे चढवण्यात आली, कारण त्यांच्या वजनाने तिरका रेटा जमिनीकडे वळतो. ज्याला नक्षी समजले जाते ते येथे बांधकामाचा भाग आहे.

धिऱ्यांच्या आधाराने बोव्हे येथील कॅथीड्रलचे छत सुमारे ४८ मीटर उंचीवर नेण्यात आले; ते १२७२ मध्ये पूर्ण झाले आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. खांबांची संख्या वाढवून तो पुन्हा उभारण्यात आला, परंतु त्या चर्चचा मुख्य सभामंडप आजतागायत बांधला गेलेला नाही.