पाण्याचा वाटा

पाणलोटाच्या कामाचा वृत्तांत सांगतांना बांध किती घातले, तळीं किती खोदलीं आणि विहिरींची पातळी किती चढली, याचीच मोजदाद बहुधा करण्यांत येते. परंतु उतारावर अडविलेलें पाणी अखेर कोणाच्या चुलीपर्यंत पोंचलें, हा प्रश्न मागें राहतो. वस्तुतः इतिहासकारानें प्रथम विचारावा असा प्रश्न तोच होय.

कारण बांध पडतो वरच्या माळावर, आणि मुरलेलें पाणी उतरतें खालच्या काळ्या जमिनींत. तेथें विहीर असते ती बहुधा सधन शेतकऱ्याची. १८८२ च्या ईझमेंट कायद्यानें आपल्या जमिनीखालीं झिरपणारें पाणी काढून घेण्याचा अधिकार जमीनमालकास मान्य केला. अर्थात् ज्या मजुरानें बांधावर माती टाकली, त्याच्या पदरीं मजुरी तेवढी पडली. पाण्यावर त्याचा हक्क उत्पन्न झाला नाहीं.

पाणी वांटून घेण्याची रीत महाराष्ट्रास नवी नव्हती. खानदेश-बागलाणांत पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांखालीं फडपद्धति कित्येक शतकें चालत आली. शिवाराचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें आणि पाटकऱ्यानें पाळीप्रमाणें पाणी द्यावयाचें, अशी ती शिस्त. तथापि तेथेंही वाटा ठरे तो जमिनीवरून. ज्यास जमीन नाहीं, त्यास पाणी नाहीं.

हें सूत्र पालटण्याचा यत्न पुरंदर तालुक्यांत झाला. १९७२ च्या दुष्काळांत दुष्काळी कामांवर शेतकरी खडी फोडीत होते. त्या खडीनें त्या दिवसाची भाकर मिळे. पुढच्या अवर्षणाची तजवीज तींत कांहींच नव्हती. पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं ही स्थिति पाहून १९७४ सालीं नायगांव येथें देवस्थानची ४० एकर पडीक जमीन खंडानें घेतली. उतारावर बांध, पायथ्याशीं पाझर तलाव, त्याखालीं विहीर, अशी रचना करून तो माळ त्यांनीं पिकाखालीं आणला. याच अनुभवांतून पुढें ग्रामगौरव प्रतिष्ठानच्या द्वारें पाणी पंचायत उभी राहिली.

तिचा मुख्य नियम असा, कीं पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणसांच्या मानानें द्यावयाचें. माणशी अर्धा एकर भिजेल इतकें पाणी. पांच माणसांच्या घरास अडीच एकर, आणि हीच कमाल मर्यादा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. भूमिहीनासही वाटा आहे. तो दुसऱ्याची जमीन बटाईनें करून आपलें पाणी वापरूं शकतो. खर्चापैकीं २० टक्के सभासदांनीं भरावे, ५० टक्के सरकारी अनुदान मिळावें आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठाननें बिनव्याजी द्यावे, अशी योजना होती.

उसास मनाई होती, यांतील मर्मही ध्यानांत घेण्यासारखें आहे. एक एकर ऊस जितकें पाणी पितो, तितक्यांत ज्वारीचे कित्येक एकर वांचतात. म्हणजे एका घरची नगदी कमाई दुसऱ्या घरच्या धान्याच्या कणगींतून निघते. ही मनाई पिकाविरुद्ध नव्हती. शेजाऱ्याच्या बाजूची होती.

या व्यवस्थेचें दौर्बल्यही तिच्या थोरवींतच होतें. ती संमतीवर उभी होती. भूमिहीनाच्या हक्कास कायद्याचें पाठबळ नव्हतें. जोंवर गट एकदिलानें चाले तोंवरच नियम जिवंत राही. साळुंखे २००२ सालीं निवर्तले. तत्पूर्वींच, १९९० नंतर, नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें शेतीसाठीं विंधनविहिरींवर ग्रामसभेच्या ठरावानें बंदी घालून संयमाचा धडा पुन्हां गिरविला. पोटासाठीं गांव सोडून गेलेलीं कुटुंबें तेथें परतलीं. मात्र माणशी वाटा हा नायगांवचा विचार सर्वत्र रुजला नाहीं.

तेव्हां पाणलोटाच्या यशाची कसोटी एवढीच: पाणी मुरल्यानंतर ज्याच्या नांवें विहीर नाहीं, त्याच्या घरचीं माणसें दिवाळीनंतर गांवांत राहिलीं कीं कोयता घेऊन बाहेर पडलीं?