गाण्याचा तास: बोस्टन, १८३८

आमची लेक दुसरीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या वर्गात ‘पाणी’ हा विषय चालू होता. बोस्टनजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत असा एक विषय धरून दोन-तीन आठवडे वाचन, चित्रं, विज्ञान सगळं त्याभोवती फिरवतात. बाईंनी पालकांना विचारलं, यावर गाणी कोणी शोधून देईल का? आपला हात लगेच वर! बाष्पीभवन, सांद्रीभवन असे सगळे शब्द नीट बसवलेली तीन गाणी मी नेटवरून शोधून नेली. मुलांनी म्हटलीही. दुसऱ्या दिवशी लेकीला विचारलं, "ढग कसा होतो गं?" तर म्हणाली, "बाबा, ते गाण्यात आहे, पण गाणं फार लांब आहे." झालं!

संगीताच्या बाईंनी मात्र एकही शब्द न वापरता पाऊस पाडला. आधी तळहात घासायचे, मग चुटक्या, मग मांड्यांवर थापा, शेवटी पाय आपटायचे. आणि तसंच उलट येत शांत व्हायचं. वाफ वर जाते तेव्हा झायलोफोनवर सूर चढवायचे, पाऊस पडताना उतरवायचे. लेक आता घरी टेबलावर हेच वाजवते आणि वाजवता वाजवता ढग समजावून सांगते!

त्याच सुमारास पालकसभेत अंदाजपत्रक निघालं. प्रस्ताव असा की या बाईंचे तास निम्मे करायचे, विषयाला धरून गाणी वर्गशिक्षिका लावतीलच. खरं सांगतो, ऐकताना मी मान डोलावली होती. आमच्या शाळेत गाण्याचा तास म्हणजे स्कॉलरशिपच्या गणितांसाठी हमखास मिळणारा तास, त्यामुळे त्यात काही चुकीचं वाटलंच नाही. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, हे भांडण याच बोस्टनमध्ये पूर्वी होऊन गेलं आहे.

विल्यम वुडब्रिज हा मूळचा भूगोलाची पुस्तकं लिहिणारा. स्वित्झर्लंडमध्ये त्याने पेस्टालोझीच्या विचारांवर चालणारे गाण्याचे वर्ग पाहिले आणि १८३० साली बोस्टनमध्ये भाषण देऊन गाणं सगळ्या मुलांना शिकवा म्हणून सांगितलं. पद्धत साधी. आधी आवाज, मग चिन्ह. मूल आधी गाईल, स्वरलिपी नंतर. एका वेळी एकच गोष्ट. लोवेल मेसन या एकेकाळच्या बँक कारकुनाने ती उचलली. १८३३ मध्ये बोस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक निघाली. १८३७ मध्ये शाळा समितीला गाणं बुद्धीला, नीतीला आणि शरीराला चांगलं असल्याचं पटलं, पण नगरपालिकेने पैसे दिले नाहीत. तेव्हा मेसनने दक्षिण बोस्टनच्या हॉज शाळेत वर्षभर फुकट शिकवलं. ऑगस्ट १८३८ मध्ये मुलांनी सगळ्यांसमोर गाऊन दाखवलं, आणि त्याच महिन्यात समितीने संगीत हा शाळेचा रीतसर विषय केला. अमेरिकेतल्या सरकारी शाळांतल्या संगीताची सुरुवात इथून धरतात.

गंमत म्हणजे त्याच शहरात, १८३५ मध्ये, चार्ल्स ब्रॅडली नावाच्या प्रकाशकाने इंग्रजी मुळाक्षरांचं गाणं नोंदवलं. चाल एका जुन्या फ्रेंच गाण्याची, जिच्यावर मोझार्टनेही रचना केल्या होत्या. आजही मुलं अक्षरं त्याच चालीवर शिकतात. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच दशकात, एकाच गावात निघाले: धड्यासाठी गाणं, आणि गाण्यासाठी गाणं.

पहिला रस्ता वाईट नाही. आपण पाढे सुरातच पाठ केले की! १९७३ साली एबीसी वाहिनीवर ‘स्कूलहाऊस रॉक’ सुरू झालं, त्याचं कारणही पाढेच. डेव्हिड मॅकॉल या जाहिरातवाल्याच्या मुलाला पाढे येत नव्हते, पण रॉक गाण्यांचे शब्द तोंडपाठ होते. त्याने बॉब डोरोकडून पाढ्यांची गाणी करून घेतली आणि ती गाजली. क्रम लक्षात ठेवायचा असेल तर चाल हे उत्तम खुंटाळं आहे. ढग कसा होतो हे समजायचं असेल, तर नुसते शब्द टांगून भागत नाही. तिथे चढ-उतार, हळू-मोठा आवाज हे संगीताचे स्वतःचे गुणच विषयाशी जुळावे लागतात. ते जुळवायला संगीत येणारं माणूस लागतं. माझ्या तीन गाण्यांनी हे सिद्ध केलंच आहे.

असो. मतदान पुढच्या महिन्यात आहे. मी समितीला पत्र लिहिलं. त्यात गाण्याने गणित सुधारतं वगैरे काही लिहिलं नाही. कारण ‘दुसऱ्या विषयाला उपयोगी’ एवढ्याच आधारावर गाणं ठेवलं, तर तंगीच्या वर्षी पहिली कात्री त्यालाच लागणार. फक्त विनंती केली की मत देण्याआधी एकदा दुसरीच्या वर्गात येऊन पाऊस ऐका.

१८३८ मध्ये समितीने ऐकलं होतं. बघू या.