समलिंगी आकर्षण : पवित्र शास्त्र काय सांगते, ख्रिस्तसभा काय शिकवते

दिनांक ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमातून वगळले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले. या निर्णयांमुळे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही हा विषय बोलला जाऊ लागला. मात्र बहुतेक वेळा तो थट्टेत तरी विरतो किंवा मौनात तरी. म्हणून पवित्र शास्त्रातील संबंधित उतारे आणि ख्रिस्तसभेची शिकवण येथे थोडक्यात मांडली आहे.

निर्मितीचा पाया

लैंगिकतेविषयीच्या ख्रिस्ती शिकवणुकीचा आरंभ निषेधाने होत नाही. तो उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या दोन अध्यायांनी होतो. परमेश्वराने मानवाला आपल्या प्रतिरूपात, नर व नारी असे निर्माण केले. पुरुष आपल्या आईवडिलांना सोडून पत्नीशी एकरूप होतो, असे तेथे सांगितले आहे. घटस्फोटाविषयी परुश्यांनी प्रश्न केला तेव्हा प्रभू येशूने याच दोन वचनांचा आधार घेतला (मत्तय १९). परस्परांना पूर्णपणे वाहून घेणे, आजन्म निष्ठा आणि नव्या जीवनाचे स्वागत ही विवाहाची लक्षणे ख्रिस्तसभा येथूनच शिकते. शारीरिक संबंधाचे स्थान अशा विवाहातच आहे, हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो.

सदोमचे पाप कोणते?

उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदोमची कथा या संदर्भात सर्वाधिक सांगितली जाते. लोटाच्या घरी उतरलेल्या परक्या पाहुण्यांवर नगरातील पुरुष सामूहिक अत्याचार करू पाहतात, असा तो प्रसंग आहे. यहेज्केल संदेष्टा सदोमच्या पापांची गणना करताना गर्व, अन्नाची रेलचेल, ऐषआराम व गोरगरिबांची उपेक्षा यांचा उल्लेख करतो आणि त्यानंतर अमंगळ कृत्यांचा (यहेज्केल १६). नव्या करारात यहूदाचे पत्र मात्र सदोमच्या लैंगिक अनाचारावर बोट ठेवते. प्रभू येशू सदोमचे नाव घेतो ते आपल्या शिष्यांचे स्वागत न करणाऱ्या गावांच्या संदर्भात (मत्तय १०). पोपमहोदयांच्या बायबल आयोगाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजातही या कथेचा रोख परक्यांचा हिंसक अवमान करणाऱ्या नगरीवर असल्याचे म्हटले आहे. तेव्हा ख्रिस्ती शिकवणुकीचा सारा भार या एका कथेवर टाकणे योग्य नव्हे. ती कथा कोणाला हिणविण्यासाठी वापरणे तर मुळीच योग्य नव्हे.

नियमशास्त्र आणि संत पौल

लेवीय पुस्तकात (१८:२२ आणि २०:१३) पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवण्यास स्पष्ट मनाई आहे. तेथे सांगितलेली देहान्ताची शिक्षा इस्राएलच्या प्राचीन विधिनियमांचा भाग होती. ती ख्रिस्ती लोकांना लागू नाही. नैतिक निषेध मात्र नव्या करारातही आढळतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:९-१०) आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१:१०) पापांच्या याद्यांमध्ये एक ग्रीक शब्द येतो. त्याचे दोन्ही घटक लेवीय पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात आढळतात. हे निषेध केवळ त्या काळच्या शोषणापुरते होते, असे काही आधुनिक अभ्यासक मानतात. कॅथॉलिक ख्रिस्तसभेने तो अर्थ स्वीकारलेला नाही.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात संत पौल स्त्रिया व पुरुष या दोहोंचा उल्लेख करतो. पण त्याच यादीत हेवा, कपट, चहाडी आणि निर्दयपणाही आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच तो वाचकाकडे वळतो आणि दुसऱ्याचा न्याय करणारा स्वतःलाच दोषी ठरवितो, असे बजावतो. पहिला अध्याय वाचून दुसऱ्यापाशी थांबणारा वाचक संत पौलाला अर्धाच ऐकतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

चारही शुभवर्तमानांत समलिंगी संबंधांविषयी प्रभू येशूचे थेट वचन नाही. मात्र वासनेच्या नजरेलाही त्याने व्यभिचार म्हटले आणि व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला दगडांपासून वाचवून, पुन्हा पाप करू नकोस, असे सांगून पाठविले. सत्य आणि करुणा यांची हीच जोड १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २३५७ ते २३५९) दिसते. तेथे पुढील गोष्टी सांगितल्या आहेत. समलिंगी कृती नैतिकदृष्ट्या मान्य नाहीत. अशा व्यक्तींचा आदराने, सहानुभूतीने व हळुवारपणे स्वीकार व्हावा. अन्यायकारक भेदभाव टाळावा. तसेच मैत्री, प्रार्थना व संस्कार यांच्या आधारे त्यांनी शुचितेचे जीवन जगावे. आकर्षण असणे आणि कृती करणे यांत ख्रिस्तसभा भेद करते. निव्वळ आकर्षण हे पाप नव्हे. शुचितेचे पाचारणही सर्व बाप्तिस्मा झालेल्यांना आहे. विवाहबाह्य संबंध, अश्लील चित्रे व वेश्यागमन यांविषयीचे परिच्छेद त्याच ग्रंथात याच्या अगोदर येतात, हे विसरता कामा नये.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना उपासनाविधीबाहेर साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. त्याच वेळी विवाहाविषयीची शिकवण बदललेली नाही आणि तो आशीर्वाद विवाहासारखा भासू नये, हेही स्पष्ट केले.

पाप आणि गुन्हा

प्रत्येक पाप हा राज्याचा गुन्हा ठरत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये कलम ३७७ पुन्हा लागू झाले तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी ख्रिस्तसभा समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले होते. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणे हा गुन्हा नाही, असे जाहीरपणे सांगितले. अशा व्यक्तींवरील शाब्दिक वा शारीरिक हिंसेचा निषेध तर व्हॅटिकनने १९८६ सालीच केला होता.

आपल्या धर्मग्रामात एखादा मुलगा वा मुलगी हे गुपित आईवडिलांपाशी उघड करते, तेव्हा या शिकवणुकीची खरी कसोटी लागते. घराबाहेर काढणे, मारहाण करणे किंवा सक्तीने लग्न लावून देणे यांतले काहीही ख्रिस्ती नव्हे. सक्तीचा विवाह तर ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार वैधच ठरत नाही आणि त्यात दुसऱ्या एका निरपराध व्यक्तीचे आयुष्यही भरडले जाते. आईवडिलांनी लेकराचे ऐकून घ्यावे, त्याचे गुपित जपावे, समंजस धर्मगुरूंशी बोलावे आणि घरच्या सायंप्रार्थनेत त्याची जागा रिकामी राहू देऊ नये.