भिंग वर सरकलं की खाली?

आम्ही कवी मंडळी लांबसडक बोटांचं फार कौतुक करतो. १८९६ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये आंत्वान मार्फान या बालरोगतज्ज्ञांनी डॉक्टरांच्या सभेत पाच वर्षांची एक मुलगी दाखवली. तिची बोटंही अशीच होती, कोळ्याच्या पायांसारखी. पुढे या आजाराला मार्फान यांचंच नाव मिळालं. गंमत अशी, की त्या मुलीला वेगळाच आजार असावा, असं आज अनेक जाणकार मानतात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच!

अशा मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जागेवरून सरकतं, हे १९१४ मध्ये नोंदलं गेलं. आपल्या डोळ्यातलं भिंग चहूबाजूंनी बारीक तंतूंनी ताणून बांधलेलं असतं. दोऱ्या ताणून मांडवाचं छत धरावं तसं. हे तंतू फिब्रिलिन नावाच्या प्रथिनाचे. ते घडवणाऱ्या जनुकातच दोष असतो, हे १९९१ मध्ये कळलं. हेच प्रथिन हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीतही असतं. म्हणून सरकलेलं भिंग पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञाने मुलाला चष्मा देऊन घरी पाठवलं, तर काम अर्धंच झालं. धमनी फुगते आहे का, हे तपासायलाच हवं.

पण मला खरी हुरहूर लागते ती दुसऱ्या मुलांची. तीही उंच, सडपातळ, भिंग सरकलेली. त्यांनाही मार्फानच म्हटलं जाई. १९६२ मध्ये बेलफास्टच्या नीना कार्सन आणि डेस्मंड नील यांनी मतिमंद मुलांच्या लघवीची तपासणी करताना होमोसिस्टिन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. हा आजार निराळा होता. यात भिंग बहुधा खाली सरकतं, मार्फानमध्ये बहुधा वर. अमेरिकेत व्हिक्टर मॅक्युसिक यांच्या पथकाने भिंग सरकलेले जुने रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा मार्फान समजलेल्यांतूनच हे रुग्ण निघाले.

आणि या दुसऱ्या आजारावर उपाय निघाला! काहींना ब-६ जीवनसत्त्व लागू पडतं, इतरांना मोजूनमापून प्रथिनांचा आहार. आयर्लंडने १९७१ पासून नवजात बाळांच्या रक्तातच तो शोधायला सुरुवात केली. तिथे जन्मल्यापासून पथ्य नीट सांभाळलेल्या मुलांची भिंगं जागच्या जागी राहिली.