अंबरनाथ : शिलालेख, ग्रामनाम आणि जत्रा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे ओळीने येतात. रोजच्या प्रवाशाला त्यांच्यातील सीमा जाणवतही नाहीत. तथापि त्यांची नावे तीन निरनिराळ्या प्रकारांनी सिद्ध झालेली आहेत, आणि त्यांपैकी मधल्या नगराच्या नावामागे जवळजवळ साडेनऊशे वर्षांचा इतिहास उभा आहे. प्रस्तुत लेखात अंबरनाथचे शिवालय, तेथील शिलालेख, गावाचे नाव आणि महाशिवरात्रीची जत्रा यांचा एकत्र विचार करावयाचा आहे. या चार गोष्टी वेगवेगळ्या अभ्यासकांच्या वाट्याला गेल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध बराचसा दुर्लक्षित राहिला, असे मला वाटते.

वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात बांधलेले हे देऊळ भूमिज पद्धतीचे आहे. शिखराच्या चारी बाजूंवर उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या भागात लहान लहान शिखरांच्या चढत्या ओळी, हे या पद्धतीचे मुख्य लक्षण होय. सिन्नरचे गोंदेश्वर आणि माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर ही याच परंपरेतली देवळे. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नाही. त्यामुळे गाभाऱ्यातून मान वर केली की थेट आकाश दिसते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे नावाचा विचार करताना तिचे प्रयोजन पडेल.

देवळाचा काळ ठरतो तो उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस कोरलेल्या लेखावरून. आरंभीच्या वाचनात या लेखाचा शक ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असा घेतला गेला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा वाचला, आणि आज तोच सर्वमान्य आहे. एका अंकाच्या वाचनावर दोनशे वर्षे अवलंबून होती. हा निर्णय केवळ अक्षरवटिकेवर सोडण्याचे कारण नाही, कारण इतर पुरावाही त्याच बाजूचा आहे. लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी (माम्वाणी) राजाचे नाव येते. कान्हेरीच्या लेण्यांतील शक ७७५ आणि ७९९ या दोन्ही लेखांत शिलाहार कपर्दी (दुसरा) याचे नाव आहे. तेव्हा मधल्या शक ७८२ मध्ये मुम्मुणी राज्य करीत होता, असे मानणे शक्य नाही. उलट मुम्मुणीचा वडील भाऊ छित्तराज याचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शक ९४८ चा आहे. छित्तराजाने आरंभिलेले काम मुम्मुणीच्या कारकीर्दीत पुरे झाले, हे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत या कालक्रमाशी पूर्णपणे जुळते.

आता नावाचा प्रश्न. शिलाहारांच्या इतिहासकारांनी येथील देवाचा निर्देश ‘आम्रनाथ’ असा केला आहे. गावकरी मात्र ‘अंबर म्हणजे आकाश, गाभाऱ्यावर आकाश आहे म्हणून अंबरनाथ’ अशी उपपत्ती सांगतात. ही उपपत्ती सुंदर आहे, पण तिला एक अडचण आहे. शिखर पूर्ण करण्याच्या हेतूनेच देऊळ रचले जाते. शिखराच्या अभावावरून मूळ देवाला नाव दिले गेले, असे मानणे कठीण. याउलट ‘आम्र’पासून ‘अंबर’पर्यंतची वाट भाषेच्या नियमांनी सहज दाखविता येते. ‘म्र’ या जोडाक्षराच्या उच्चारात ओठ उघडताना मध्ये ‘ब’ उत्पन्न होतो. पुढे र लोपला तर ‘अंब’ हे रूप मिळते, ज्यापासून मराठी ‘आंबा’ आला. याच रीतीने ‘ताम्र’पासून ‘तांबे’ आले. र टिकला आणि त्याच्याआधी स्वर शिरला तर ‘अंबर’सारखे रूप तयार होते. हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अंब’, ‘तंब’ यांच्याबरोबरच ‘अंबिर’, ‘तंबिर’ या रूपांचीही नोंद करतो, हे येथे अर्थपूर्ण आहे. कल्याणजवळच्याच ‘आंबिवली’ या नावात तोच वृक्ष आणि ‘पल्ली’पासून आलेला ‘वली’ हा अंश ओळखू येतो. तेव्हा आंब्याच्या झाडावरून नावे पडणे या प्रदेशाला अपरिचित नव्हते.

म्हणून माझे अनुमान असे की, ‘अंबर’ हा ध्वनी आधी तयार झाला आणि ‘आकाश’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. शिखर नसलेल्या गाभाऱ्याने त्या अर्थाला डोळ्यांपुढचा आधार दिला. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि पहाट झाल्यामुळे शिखर अपुरे राहिले, ही कथाही त्याच उणिवेचे स्पष्टीकरण देते. या कथा बांधकामाचा पुरावा नव्हेत, परंतु लोकांनी आपल्या वास्तूचे वाचन कसे केले याचा त्या उत्तम पुरावा आहेत. त्यांना खोट्या म्हणून बाजूस सारणारा अभ्यासक आपल्याच साधनांचा अर्धा भाग गमावतो.

शेजारच्या दोन नावांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होईल. बदलापूर येथे कोकणातून सुरतेकडे जाणारे स्वार घोडे बदलीत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात, आणि ही कथा शिवाजी महाराजांच्या काळाशी जोडली जाते. ‘बदल’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. तेव्हा कथेतील अर्थ खरा मानला तर हे नाव फारसीच्या संपर्कानंतरचेच ठरते. उल्हासनगरचे नाव तर तारीखवार सांगता येते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. नाव नदीवरून घेतले, पण बोलण्यात ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ हे छावणीचे शब्द आजही टिकून आहेत. सारांश, एक नाव परंपरेने आलेले, एक कथेने समजावलेले आणि एक समारंभपूर्वक दिलेले.

या तिन्ही नगरांना एकत्र आणणारा दिवस म्हणजे महाशिवरात्र. दक्षिणेच्या अमान्त गणनेप्रमाणे ती माघ वद्य चतुर्दशीस येते. उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेत तोच दिवस फाल्गुनाचा असतो. मध्यरात्रीपासून दर्शनाच्या रांगा लागतात. बेलाची पाने, खेळणी आणि खाऊ यांची दुकाने नदीकाठच्या रस्त्यावर मांडली जातात. त्या गर्दीत आसपासच्या खेड्यांतील आगरी आणि आदिवासी कुटुंबे असतात, तसेच कारखान्यांच्या निमित्ताने येथे आलेले परप्रांतीय आणि उल्हासनगरचे सिंधी भाविकही असतात. मुम्मुणीच्या लेखाचे अक्षर त्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. परंतु देवाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या उच्चारात ठेवण्याचे काम या जत्रेने केले आहे. शिलालेखाने काळ राखला, जत्रेने नाव राखले.

दोन्ही साधनांना आज धोका आहे. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असले, तरी दगड झिजत आहे, आणि ज्या वालधुनीच्या काठी ते उभे आहे ती नदी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. १८६८ साली मुंबई सरकारने या शिल्पांची चित्रे आणि साचे करविले, ते भावी झिजेचा विचार करता दूरदृष्टीचेच ठरले. तोच न्याय उच्चारांना लावावयास हवा. शेताच्या तुकड्यांची, ओढ्यांची आणि पाड्यांची जुनी नावे इमारतींच्या नव्या नावांखाली वेगाने गाडली जात आहेत. ती सांगणारी वृद्ध माणसे अजून दरवर्षी जत्रेला येतात. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी पुढल्या महाशिवरात्रीस वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. त्या नोंदींना कोणत्याही ताम्रपटाइतकेच मोल येईल.